खर्र्याची कबुली

मनिषनं नीतूच्या थोबाडीत ठेवून दिली, ती तोंडातला खर्रा चघळत चघळतच. आणि कशासाठी दिली? तर नीतू चोरून खर्रा खाते म्हणून. आता बोला!

त्याचं असं झालं. नीतूच्या गळ्यात, समोरच, बोराएवढी गाठ आली होती. पाण्याचा घोट घेतला की वर-खाली व्हायची. दुखत नव्हती, म्हणून तिनंही लक्ष दिलं नाही. वरठीच्या बाजारात मच्छी विकायला बसणारी बाई ती, तिला स्वतःचा गळा आरशात बघायला फुरसत कुठली? एका गिऱ्हाईक बाईनं बोट दाखवलं तेव्हा ती भंडाऱ्याच्या दवाखान्यात गेली, आणि तिथून नागपूरला. नागपूरच्या डॉक्टरीणबाईनं गाठीत सुई घालून तपासलं आणि पुढच्या खेपेला समोर बसवून सांगितलं, ‘‘थायरॉईडचा कॅन्सर आहे. घाबरू नको, ऑपरेशननं बरा होतो. पण उशीर करू नको.’’

नीतूला त्यातलं ‘बरा होतो’ तेवढं पक्कं ऐकू आलं. घरी येऊन ती मच्छी साफ करायला बसली आणि नवऱ्याला, मनिषला, म्हणाली, ‘‘मले गळ्याचा कॅन्सर झाला. ऑपरेशन करा लागते.’’ नवऱ्याला त्यातला ‘कॅन्सर’ तेवढा ऐकू आला.

आमच्या भागात कॅन्सर म्हणजे खर्रा. सुपारी, तंबाखू, चुना घोटून पन्नीत बांधायचा आणि दिवसभर गालात धरायचा. तोंड सडलेल्या माणसांचे फोटो सरकारनं भिंतीभिंतीवर लावले. लोकांनी खर्रा काही सोडला नाही, पण कॅन्सर झाला म्हणजे खर्रा खाल्लाच असणार, एवढं मात्र पाठ करून ठेवलं. त्यातही माणसानं खाल्ला तर शौक, आणि घरच्या सुनेनं खाल्ला तर तिची चाल वाईट.

‘‘कोनासंग बसून खात होती? सांग!’’

‘‘मी नाही खाल्ला. तुमची शप्पथ.’’

दुसरी थोबाडीत बसली. नीतू मच्छी कापायच्या पावशीवर कलंडली, पात्यानं कोपर चिरलं. कापलेल्या मरळीचं रक्त कोणतं आणि तिचं कोणतं, ते कळेना. आवाज ऐकून सासू सखाबाई बाहेर आली. वाटलं, सोडवायला आली. कशाची सोडवते! तिनं नीतूचा जबडा धरला आणि दोन बोटं तोंडात घालून हिरड्या चाचपायला लागली, बाजारात बैलाचे दात पाहावे तशी.

नीतूच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं कचकन चावा घेतला.

‘‘मेली वं माय!’’ सखाबाई किंचाळली. मग काय विचारता! मनिषनं केस धरून नीतूला अंगणात ओढत आणलं. तिची पेटी लाथेनं उलटी केली, एकेक लुगडं झटकून पाहिलं. खर्रा सापडला नाही. सापडला नाही म्हणून आणखी मारलं, कुठं लपवला म्हणून. कुंपणाला लोक टेकून उभे होते. फुकटचा तमाशा कोण सोडतो?

फुकट इलाजाचं सरकारी कार्ड सासूच्या पेटीत, पेटीला कुलूप. नीतूनं दिघोरीला भावाला, लिलाधरला फोन लावला. आईबाप नव्हते, तोच काय तो माहेरचा आधार. तो म्हणाला, ‘‘खाल्ला असन तं सांगून टाक न बाई. कायले घर मोडून राहिली?’’ सख्खा भाऊ हो! तिनं फोन ठेवला आणि एकटीच सडकेची वाट धरली. कार्ड नसलं तर नसलं, डॉक्टरीणबाईचे पाय धरीन म्हणाली.

बस यायच्या आधी मनिषची मोटारसायकल आली. भर सडकेवर त्यानं तिचा गळाच धरला. नेमका गाठीवर अंगठा रोवला. ‘‘ऑपरेशन पायजे तुले? थांब, मीच काढतो!’’ नीतूच्या डोळ्यांपुढं काळोख आला. तिनं ओरबाडलं, लाथा झाडल्या, त्याच्या गालातून रक्त काढलं, तेव्हा कुठं गळा सुटला. खोकत खोकत ती सडकेच्या कडेला बसली, आणि तिला स्वच्छ कळलं की गाठ मारो की नवरा मारो, थांबलो तर आपण मेलो.

प्रकरण समाजाच्या म्होरक्याकडे, तुलारामकडे गेलं. आमच्या ढिवर समाजात असं काही झालं की मारुतीच्या देवळासमोर बैठक बसते. चुकलेल्यानं उभं राहून मोठ्यानं चूक कबूल करायची, की समाज माफ करतो. तुलारामनं निवाडा दिला, ‘‘सुनेनं कबूल करावं. मंग मनिषनं तिले दवाखान्यात न्यावं. समाजाचा शब्द आहे, तो मोडता येनार नाही.’’

‘‘न खाल्लेलं कसं कबूल करू, बाबाजी?’’ नीतू म्हणाली.

‘‘मंग बैठक उठली,’’ तुलाराम म्हणाला आणि धोतर झटकून उभा राहिला.

नीतूनं आवंढा गिळला. गळ्यात गाठ हलली. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि वर संन्याशानंच फास आपल्या हातानं गळ्यात घालायचा! समोर बसलेल्यांतल्या निम्म्यांच्या गालात खर्रा होता. त्यांच्या तोंडावर थुंकावं असं तिला वाटलं. पण तिला जगायचं होतं. बाजारात गिऱ्हाईक बोलवायची तिची हाक तलावाच्या पल्याड जायची, त्याच आवाजात ती ओरडली, ‘‘हो! खाल्ला! रोज खाल्ला!’’

‘‘शाबास,’’ तुलाराम म्हणाला, बाजूला पिचकारी टाकली आणि पुन्हा बसला. ‘‘खरं बोललं का पाप फिटते.’’

असं ऑपरेशन ठरलं. डॉक्टरीणबाईनं आधीच सांगितलं, ‘‘आवाजाची नस गाठीला चिकटलेली असते. जपून काढू. तरी आवाज काही दिवस बसेल. एखाद्याचा पूर्ण येतही नाही.’’ टेबलावर दिवे डोळ्यांत घुसत असताना नीतूला मरणाची भीती नव्हती वाटत. तिला दुसरंच खात होतं. आवाज गेलाच, तर आपण मोठ्यानं बोललेलं शेवटचं वाक्य ते खोटं वाक्य राहणार. सगळ्या गावाच्या कानात तेच राहणार. हातात सुई टोचली, आणि ती रडत रडतच बेशुद्ध झाली.

जाग आली तेव्हा गळा आडवा कापून शिवलेला, बाजूनं नळी, नळीच्या टोकाला रक्ताची पिशवी. थुंकी गिळायची म्हटलं तरी डोळ्यांतून पाणी निघायचं. तिनं नर्सला हाक मारून पाहिली. नुसती हवा निघाली.

दोनेक दिवसांनी डॉक्टरीणबाई पाहायला आल्या. गाठ पूर्ण निघाली, म्हणाल्या. मनिष आणि सखाबाई खाटेपाशीच होते. सखाबाई हात जोडून पुढं झाली, ‘‘आता नाही खानार खर्रा, डॉक्टरीणबाई. समाजासमोर कबूल केलं तिनं.’’

‘‘कसला खर्रा?’’

सखाबाईनं सगळं सांगितलं, अगदी अभिमानानं. डॉक्टरीणबाईचा चेहरा उतरत गेला.

‘‘अहो, ह्या कॅन्सरचा खर्र्याशी काही संबंध नाही. हिनं काही खाल्लं म्हणून झालेला नाही हा. खर्र्यानं होतो तो तोंडाचा,’’ असं म्हणून त्यांनी मनिषच्या लाल दातांकडे पाहिलं, ‘‘तो तुम्हाला होईल.’’ आणि त्या पुढच्या खाटेकडे गेल्या.

सखाबाईनं जोडलेले हात खाली घेतले. आणि मनिषनं, काय सांगू तुम्हाला, नीतूलाच विचारलं, ‘‘मंग तुनं कबूल कायले केलं?’’

नीतूनं सलाईन लावलेल्या हातानंच त्याची कॉलर धरली आणि त्याला खाली ओढलं. सलाईनच्या नळीत रक्त चढलं. टाके ताणले, मानेवरची पट्टी ओली झाली. आजवर तिनं त्याला ‘तुमी’च म्हटलं होतं.

‘‘तू मारला म्हनून,’’ ती म्हणाली. घोगरा, फाटका आवाज, पण निघाला. ‘‘आता तू सांग. देवळासमोर. मोठ्यानं.’’

आजूबाजूच्या खाटांवरच्या बाया उठून बसल्या. मनिष कॉलर सोडवायला लागला. ‘‘सोड न वं. लोक पाहून राहिले.’’

‘‘तवाही पाहूनच राहिले होते,’’ नीतू म्हणाली, आणि मुठीला आणखी एक पीळ दिला.