रविवारचा पेटा

एनुगूतल्या त्या घरात रविवारी प्रवचन लांबलं की पाद्र्याची धडगत नसे, कारण घरी भात आणि कोंबडीचा तांबडा रस्सा खोळंबलेला असायचा. तो रस्सा करायचा मान ओबियागेलीबाईंचा. सून आरित येऊन वर्ष होत आलं, तरी तिच्या वाट्याला कांदे सोलणंच. ती पडली कालाबारची, परमुलखातली. तिच्या हातावर भरवसा कोण ठेवणार?

त्या दिवशी मात्र सासूबाईंच्या गुडघ्याने असहकार पुकारला.

"आज तू कर," त्या म्हणाल्या. "जमलं तर पुढचे रविवार तुझे. नाही जमलं, तर कांदे आहेतच."

आरितने जीव ओतला. टोमॅटो-मिरचीचं वाटण तेल सुटेपर्यंत परतलं, तळलेली कोंबडी त्यात सोडली, आणि मीठ बघायला म्हणून एक तुकडा तोंडात टाकला. चावून गिळल्यावर तिच्या ध्यानात आलं, की तो पेटा होता, कोंबडीच्या पोटातला एकुलता एक मांसल गोळा. तिच्या माहेरी सगळ्या बहिणी-बहिणी. जी रांधेल तिने पेटा खायचा, ही तिथली रीत. हाताने जुनी वाट धरली होती. इथे कोंबडीचा पेटा घरधन्याचा! दर रविवारी तो सासऱ्यांच्या भातावर मुकुटासारखा बसायचा.

तिने नवऱ्याला गाठलं. उगोनाच्या तोंडचं पाणी पळालं.

"सांग, बाजारवालीने पेटा दिलाच नाही."

"अहो, आईंनीच सकाळी अंगणात कोंबडी साफ केली!"

"मग मेलीस तू," तो म्हणाला आणि शहाण्यासारखा टेबलावर जाऊन बसला.

ओबियागेलीबाई पातेल्यात डाव फिरवत राहिल्या. तळापर्यंत गेल्या. चर्चच्या कपड्यांत बसलेले सासरे, ओक्वुदिली, ताटाकडे बघत होते.  शेवटी आरितला राहवेना.

"बाबा, पेटा मी खाल्ला. मीठ बघताना. चुकून."

डाव पातेल्यात पडला.

"घरधनी जिवंत असताना?" सासूबाई ओरडल्या. "अगं, उद्या त्यांच्या खुर्चीत बसशील!"

"थांब गं," ओक्वुदिली म्हणाले. त्यांनी सुनेकडे नीट पाहिलं. "चिवट होता का?"

"थोडा होता, बाबा."

म्हाताऱ्याने एवढा मोठा सुस्कारा सोडला, की कॉलरचं बटण सुटलं.

"देव तुझं भलं करो, पोरी! माझ्या दाढा कधीच गेल्या. दर रविवारी तो पेटा गालात धरून बसतो, आणि तुम्ही पांगलात की परसात जाऊन थुंकतो."

"मग तोंड शिवलं होतं का तुमचं?" ओबियागेलीबाई कडाडल्या.

"तू मानाने वाढायचीस. मान कसा परत करायचा?"

उगोनाला हसू आवरेना. आरितचे डोळे भरून आले. अंगावरचं ओझं उतरल्यावर माणूस रडतं, तसे.

सासूबाई हसल्या मात्र नाहीत. त्यांनी भातावर रस्सा घेतला, एक घास खाल्ला, मग दुसरा. 

"पुढच्या रविवारी मिरची थोडी कमी घाल," त्या म्हणाल्या. "आणि कांदे उगोना सोलेल."