खांबाची जागा

“अजून येऊ का मागे?” मावशीने खिडकीतून डोकं बाहेर काढून विचारलं आणि उत्तराची वाट न बघता गाडी मागे घेतली. भाचीने हातातला टेप टाकला आणि टुणकन बाजूला उडी मारली. पाठोपाठ खापर फुटल्याचा आवाज आला.

“कुंडी पुढे आली,” मावशी म्हणाली.

भाचीने गुलाबाचं रोप मुळांसकट उचललं. या कुंड्या हल्ली फारच पुढे यायला लागल्या होत्या. गेल्या आठवड्यात फाटकही पुढे आलं होतं, आणि त्याची हिरवी रेघ गाडीच्या दारावर अजून तशीच होती.

“टेप चाकाखाली तर नाही ना गेला?” मावशीने विचारलं.

“नाही.”

“मग झालं तर. माप घे.”

दोन बहिणींची दोन घरं शेजारीशेजारी होती आणि मधली मोकळी जागा दोघींची सामाईक. मोठीचं घर दगडाचं, लाकडी खिडक्यांचं, कौलारू. धाकटीने आपलं घर पाडून नवं बांधलं होतं; भिंती पांढऱ्या, कुठे खाच नाही की कोनाडा नाही, आणि समोर भली मोठी काच. मधल्या जागेत गाडी वर्षानुवर्षं उन्हात उभी असायची. तिचा रंग टपावर पार उडाला होता आणि झाडावरच्या पाखरांनी तिला आपलंसं केलं होतं. शेवटी गाडीला छप्पर घालायचं ठरलं, आणि घरातच आर्किटेक्ट असल्यामुळे भाची दोघींच्या तावडीत सापडली.

आई त्याला कारपोर्ट म्हणायची. तिला बारीक काळे लोखंडी खांब आणि वर कागदासारखं सपाट छप्पर हवं होतं. मावशी त्याला छप्परच म्हणायची. तिला जाड लाकडी खांब, उतार आणि वर कौलं हवी होती.

“तुझं ते छप्पर म्हणजे गोठा दिसेल, ताई,” आई म्हणायची.

“आणि तुझं म्हणजे बसस्टॉप. लोक येऊन उभे राहतील.”

भाचीने कितीदा तरी नकाशा काढला आणि पुसला. अखेर मावशीच्या बाजूला लाकडी खांब, आईच्या बाजूला लोखंडी, वर हलक्या उताराचं पत्र्याचं छप्पर आणि पत्र्याच्या पोटाला लाकडी पट्ट्या, असा तह झाला. दोघी सारख्याच नाखूश होत्या, म्हणून भाचीला तो बरा वाटला.

खरी अडचण त्यानंतर उभी राहिली. भाची स्वयंपाकघरात चहा गाळत होती. आईने आधी खिडकीतून मावशीच्या दाराकडे पाहिलं, मग आवाज खाली आणला.

“पुढच्या बाजूला मधोमध एक खांब घाल.”

“मधोमध? अगं, गाडी निघणार कशी?”

“नाहीच निघायला पाहिजे. आधी गाडी आत उभी करायची, मग खांब लावायचा. गाडी राहील सावलीत आणि ताई राहील घरात.”

भाचीला हसू आलं, पण आईचा चेहरा पाहून ते तिथेच विरलं. गेल्या महिन्यात शाळेतून परतणाऱ्या एका मुलाची सायकल अगदी बंपरशी येऊन थांबली होती. मुलाला ओरखडासुद्धा आला नाही. आई तेव्हा गाडीत मावशीच्या शेजारी होती आणि त्या दिवसापासून तिची झोप उडाली होती.

“मग सरळ सांग ना तिला.”

“मी?” आई म्हणाली. “मला सायकल शिकवली तिने. पोहायला शिकवलं. तू झालीस तेव्हा भर पावसात तिनेच गाडी घातली. तिला मी कुठल्या तोंडाने सांगू, की तू आता चालवू नकोस? खांबाचं बरं असतं. त्याच्यावर कोणी रुसत नाही.”

मावशी परिचारिका होती. आडबाजूच्या वस्त्यांवर बाळंतिणी आणि म्हातारी माणसं बघायला ती याच गाडीतून फिरली होती. आई नेहमी तिच्या डाव्या बाजूला. परवाना आईकडेही होता, दोघींनी एकदमच काढलेला. पण पहिल्याच आठवड्यात तिने गाडी दवाखान्याच्या पायरीवर चढवली, आणि मावशीने “तू आपली शेजारी बस, बारके” म्हणून स्टिअरिंग काढून घेतलं ते कायमचं. तेव्हापासून आई शेजारी बसून गाडी चालवत आली होती. समोर काहीही आलं की तिचा उजवा पाय जोरात खाली दाबला जायचा. तिथे ब्रेक नव्हता, पण पायाखालचं रबरी मॅट टाचेएवढ्या जागेत झिजून आरपार गेलं होतं.

भाचीने नकाशात मधला खांब घातला. घालताना तिला चोरी केल्यासारखं वाटलं. आईचं खरं होतं, हे तर आणखीच वाईट.

दुसऱ्या दिवशी सुतारकाकांना खड्ड्यांच्या जागा दाखवायच्या होत्या. ते यायच्या आधीच मावशी खडू घेऊन हजर. भाचीने आखलेल्या खुणांवरून ती एकेक पाऊल टाकत फिरली आणि मधल्या फुलीपाशी थांबली.

“हा कशाला गं इथे?”

“एवढ्या लांबीला मध्ये आधार लागतो, मावशी. नाहीतर छप्पर वाकेल.”

“लागतो का?”

“लागतो.”

मावशीने तिच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मग ती चपलेने फुली पुसू लागली, सावकाश, अंगणातला चिखल पुसावा तशी.

“जाड तुळई घाल. खर्च मी देते. आणि आता माझं ऐक. गाडीचं डावीकडचं दार पूर्ण उघडलं पाहिजे. अर्धं नाही, सताड. माणसाला नीट, न वाकता बसता आलं पाहिजे.”

आईचे गुडघे, भाचीच्या मनात आलं. हिला अजूनही बारकीच्या गुडघ्यांची काळजी.

“मागचे खांब आणखी मागे घे. मागे येताना आरशात दिसले पाहिजेत. आणि प्रत्येक खांबाला बुडाशी पांढरा पट्टा. ज्याला अंदाज नसतो त्याला पट्टा लागतो.”

म्हणजे ही चालवणारच आहे, पट्टे बघून का होईना. भाचीने आता बोलायला हवं होतं. पण मावशी कंबर धरून खाली वाकली होती आणि नव्या जागी फुली काढत होती, आणि ती फुली इतकी मन लावून काढलेली होती की भाची टेप उघडून तिथलं माप घेऊ लागली.

“काढ नकाशा नवा,” मावशी म्हणाली.

भाचीने काढला. मधला खांब त्यात नव्हता.

तुळई चढली त्या दिवशी आईला कळलं. ती पांढऱ्या भिंतीला टेकून बराच वेळ मोकळ्या दर्शनी बाजूकडे बघत राहिली.

“तूही तिचीच,” ती भाचीला म्हणाली. “उद्या काही झालं ना, तर तुझं तू बघ.” त्यानंतर ती भाचीशी जेवायला वाढण्यापुरतं बोलली.

छप्पर मात्र देखणं झालं. सुतारकाकांनी पट्ट्या अशा काही बसवल्या होत्या की खालून बघणाऱ्याला दोन्ही घरं एकमेकांच्या नात्यातली वाटावीत. आईलासुद्धा ते आवडलं होतं. आवडलं की ती गप्प बसायची. पहिली फेरी बाजारापर्यंत मारायची, असं मावशीने सकाळीच जाहीर केलं. भाचीने उठल्याउठल्या सगळ्या कुंड्या भिंतीशी नेऊन ठेवल्या. एकच राहिली, नव्या कुंडीतला तो गुलाब. तो मावशीने स्वतः फाटकाजवळ ठेवला होता.

आई पिशवी घेऊन आली, चेहरा ओढलेला. तरी ती आली. ताईला एकटीला जाऊ देणं तिच्याने होणार नव्हतं. सवयीने ती डाव्या दाराकडे वळली.

मावशी तिच्या आधीच तिथे पोचली होती. तिने दार उघडलं. ते खांबाला न लागता सताड उघडलं. आधी ती सीटवर टेकली, मग एकेक पाय आत घेतला, पदर सावरला आणि किल्ली बाहेर धरली.

“घे.”

“इकडे काय बसतेस, ताई?”

“मला दिसत नाही, बारके.” मावशीने हे अगदी भाजीचा भाव सांगावा तसं सांगितलं. “त्या पोराची सायकल मला दिसलीच नव्हती. त्याने घंटी वाजवली म्हणून मी थांबले.”

आईच्या हातातली पिशवी खाली गेली.

“मग बोलली का नाहीस?”

“तू का नाही बोललीस? खांबाला बोलायला लावत होतीस.” मावशीने भाचीकडे मान वळवली. “खोटं बोलताना हिचा कान लाल होतो. तुझाही व्हायचा.”

भाचीचा हात नकळत कानाकडे गेला. आईचे डोळे भरून आले होते आणि ती ते लपवायच्या भानगडीत पडली नाही.

“मला जमणार नाही, ताई. मी पायरीवर चढवली होती.”

“इथे पायरी नाही. मी बघितलंय सगळं. खांब लांब आहेत, पट्टे आहेत. बस.”

आई बसली. सीट पुढे ओढली, आरसा खाली केला, पुन्हा वर केला, पुन्हा खाली केला. गाडीने एक हिसका दिला आणि बंद पडली. दुसऱ्यांदा ती छपराखालून बाहेर आली. आधी नाक, मग रंग उडालेला टप, मग मागची काच. भाची शेजारून चालत होती. उघड्या खिडकीतून तिला मावशीचा उजवा पाय दिसला. झिजलेल्या मॅटच्या भोकात टाच रोवून तो जीव खाऊन खाली दाबला होता. तोंडाने मात्र ती अवाक्षर काढत नव्हती.

फाटकाशी खापर फुटलं.

गाडी थांबली. आईने दोन्ही हातांनी स्टिअरिंग गच्च धरलं आणि डोळे मिटून घेतले.

“कुंडी पुढे आली,” मावशी म्हणाली. “चल.”

आईने डोळे उघडले आणि गाडी पुन्हा सुरू केली.