वर क्ष, खाली य

सरांच्या खोलीत एक रीत होती. फळ्यावर ओळ लिहायची, मागे वळून विचारायचं, "पटलं?" समोरच्याने "पटलं" म्हटल्याशिवाय पुढची ओळ नाही. त्यांच्या विद्यार्थिनीने या रीतीचा असा काही फायदा घेतला की एकेक पान आठवडाभर हलेना. सरांनीच तिचं नाव शंकासुर ठेवलं आणि अख्ख्या विभागाने ते उचललं.

आणि या शंकासुराने नेमकी खरी शंका गिळून टाकली होती!

सरांचं प्रमेय सांगायला सोपं होतं. दोन चलांचं अवघड फलन घ्यायचं, त्याच्याऐवजी वर एक बहुपदी, खाली एक बहुपदी असे अपूर्णांक मांडायचे, आणि ते मूळ फलनाच्या अधिकाधिक जवळ सरकत जातात हे दाखवायचं. छेद शून्य झाला की पंचाईत. पण तिथे अंशही शून्य होतो, म्हणून दोघांतला सामाईक अवयव कापून टाकायचा, असं सरांनी मधल्या एका ओळीत म्हटलं होतं. एका चलात ते खरंच आहे. जन्मभर एकाच चलात काम केलेल्या माणसाचा हात तिथे आपोआप चालतो. उन्हाळ्यात भांडी घासता घासता तिला दिसलं: वर क्ष, खाली य. दोन्ही शून्य, आणि कापायला काहीच नाही. एका वाटेने जवळ गेलं तर उत्तर एक, दुसऱ्या वाटेने दोन.

तिचा अख्खा प्रबंध त्याच ओळीवर उभा होता. आईने तर शेजारीपाजारी "आमची डॉक्टर" म्हणायला सुरुवातही केली होती. ती मूग गिळून बसली. हिवाळ्यात सरांना अर्धांगवायूचा झटका आला, तेव्हा गप्प राहायला चांगलं कारणच मिळालं. आजारी माणसाच्या जिवाला घोर कशाला? मनातून तिला स्वतःची किळस येत होती.

आज सरांचं निरोपाचं व्याख्यान होतं. पहिल्या रांगेत सरांच्या पत्नी, काकू, मांडीवर थर्मास घेऊन बसल्या होत्या, शेजारी ती. सर सावकाश ओळ लिहायचे, तिच्याकडे वळायचे. "काय शंकासुर, पटलं?" सभागृह हसायचं.

ती ओळ आली.

"पटलं?"

"पटलं," ती म्हणाली. कान नुसते जळत होते.

सरांनी अवयव कापायला खडू टेकवला. पूर्वी हात झरकन पुढे गेला असता. आता तो मंद झाला होता, म्हणून नजर ओळीवर रेंगाळली. खडू थांबला.

"अरेच्चा. इथे कापता येत नाही."

कोणी हसलं नाही. सर वळले. "मंडळी, प्रमेय पडलं. चूक माझी एकट्याची. या पोरीला बोल लावू नका. तिला दिसलं असतं तर तिने मला झोपू दिलं नसतं."

यापेक्षा थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं. ती उठून उभी राहिली.

"सर, मला दिसलं होतं."

"केव्हा?"

"उन्हाळ्यात."

सर पुन्हा फळ्याकडे वळले. मग अगदी हळू, जणू खोलीत दोघंच आहेत असं म्हणाले, "तेव्हा सांगायचं होतंस गं. तेव्हा डोकं चालत होतं माझं."

काकूंनी पुढे होऊन त्यांच्या हातातला खडू काढून घेतला.