तीन वाजता मुलगी माझ्या ताब्यात

आमच्या गावात शाळेची हद्द नदीवरून जाते. पलीकडे टेकडीवर राहणारी मुलं टेकडीच्या शाळेत, अलीकडची मुलं गिरणीमागच्या शाळेत. ही रेघ कोणी आखली मला ठाऊक नाही, पण ज्याने आखली त्याला म्हातारा बाप नसणार एवढं नक्की.

मला आहे. माझे वडील, बेल्मीरो मेदेरोस, टेकडीच्या शाळेपासून दोन वळणांवर एकटे राहतात. आई गेल्यापासून ते जेवायचं विसरतात, शेगडी बंद करायची विसरतात, आणि आपण विसरतो हे तर साफच विसरतात. माझ्याकडे राहायला या म्हटलं की म्हणतात, "मग द्राक्षाच्या वेलीला पाणी कोण घालणार?" ती वेल कधीच वाळून गेलीय.

मी मासळीच्या कारखान्यात संध्याकाळी सहापर्यंत असते. शाळा सुटल्यापासून मी येईपर्यंत बाबांना बघते ती माझी मुलगी देलिया. वय वर्षं अकरा. तिची पाचवीपर्यंतची शाळा टेकडीवरच होती. भाडं वाढलं म्हणून आम्ही पुलाअलीकडे राहायला आलो, तरी शाळेने तिला पाचवी पुरी करू दिली. सहावीला मात्र नवा पत्ता बघतात. गिरणीमागच्या शाळेतून टेकडीवर बस जात नाही, आणि पुलावरून एकटीने चालत जायचं नाही अशी मी तिला सक्त ताकीद दिलेली, कारण तिथले ट्रकवाले काही बघत नाहीत. म्हणजे देलियाला टेकडीची शाळा मिळाली नाही, तर तीन ते सहा बाबांजवळ काळं कुत्रंही नाही. एवढं साधं म्हणणं माझं, पण ते कोणाच्या डोक्यात शिरेल तर शपथ.

मी शाळाखात्याच्या कचेरीत फोन लावला. एका तरुण पोराने उचलला.

"हद्दीबाहेरची शाळा हवी तर कारण लागतं, मॅडम. मुलीला सांभाळणारं माणूस त्या हद्दीत राहतं का?"

"अहो, मुलगीच सांभाळते. आजोबांना."

"तसा रकाना नाही, मॅडम."

"मग पाडा की एक!"

"तो मला पाडता येत नाही."

रकाना नाही! माझ्या डोक्यात तिडीक गेली. रात्रंदिवस राबणाऱ्या पोरीचं कौतुक राहिलं बाजूला, तिला बसवायला यांच्याकडे चौकोन नाही. ठीक आहे, म्हटलं, जो चौकोन आहे तो भरू. 'मुलीला कोण सांभाळतं?' आजोबा. त्यावर कचेरीतून निरोप आला, आजोबांना मुलाखतीला आणा, सही लागेल.

मग आमच्या स्वयंपाकघरात तालीम सुरू झाली. समोर सॉसेज घातलेलं पालेभाजीचं सूप, आणि मी पोपटाला शिकवावं तसं बाबांना शिकवतेय.

"बाबा, विचारलं की म्हणायचं, तीन वाजता मुलगी माझ्या ताब्यात."

"मग काय पोलिसांच्या ताब्यात असते?" ते चिडले. "मीच तर बघतो तिला. तू कुठे असतेस?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात देलियाने टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला.

कचेरीतल्या मिसेस हॅलोरन बाई बोलायला गोड होत्या. बाबा लग्नातला कोट घालून आले होते. पहिलं वाक्य त्यांनी असं खणखणीत म्हटलं की मला वाटलं, जिंकलो.

"छान," बाई म्हणाल्या. "मुलगी घरी आली की काय काय करता?"

"सांगतो ना! बूट दारात काढायचे. हात धुवायचे, साबण लावून, नुसते ओले करायचे नाहीत. सूप गरम करायचं. शेगडीचं बटण बंद झालं का, दोनदा बघायचं. मग गोळ्या. पांढरी आधी, गुलाबी नंतर."

बाईंचं पेन थांबलं. "गोळ्या?"

"हो तर. मग पाय उशीवर ठेवून बसायचं. सूज येते ना."

"अकरा वर्षांच्या मुलीच्या पायाला?"

देलिया पटकन म्हणाली, "मी फुटबॉल खेळते." इतकी लाल झाली होती बिचारी. ती रोज त्यांना जे जे सांगते, ते सगळं बाबांनी शब्द न चुकवता म्हणून दाखवलं होतं. सही मात्र त्यांनी ऐटीत केली, आडनावाखाली रेघ मारून.

आठवड्याभरात उत्तर आलं. अर्ज नामंजूर, सांभाळण्याची गरज सिद्ध होत नाही.

मी हॅलोरनबाईंना फोनवर सोलून काढलं. "गरज सिद्ध होत नाही? तुमच्या डोळ्यांसमोर सिद्ध झाली की!"

"तुमची अडचण कळते मला," त्या म्हणाल्या, "पण मुलीला सांभाळण्याची नाही ना झाली. आजोबांसाठी तुम्ही वृद्धांच्या खात्याकडे जा."

वृद्धांच्या खात्याने पुढच्या वसंत ऋतूत बघू म्हणून सांगितलं. तोवर म्हाताऱ्यांनी बहुधा विसरायचं थांबवायचं असतं. मी सगळा राग बाबांवर काढला. "ती सूज कशाला सांगत बसलात? आता पोरगी गिरणीमागच्या शाळेत जाणार!" म्हणून ओरडले. ते नुसते टोपी हातात फिरवत बसले. मला वाईट वाटलं, पण राग काही गेला नाही.

शाळेच्या पहिल्या दिवशी मी बाबांच्या शेजारणीला मधूनमधून डोकवायला सांगून कामावर गेले. दुपारी तिचा फोन आला. दार सताड उघडं, शेगडी बंद आहे, पण तुझे बाबा घरात नाहीत.

मी अंगावरचा एप्रन न काढता गाडीत बसले. आधी देलियाला घ्यायचं, मग दोघींनी शोधायचं, असं ठरवून गिरणीमागच्या शाळेवर पोचले. शाळा नुकतीच सुटली होती. फाटकाशी लग्नातला कोट दिसला.

"यांना ओळखता का?" फाटकावरची बाई वैतागून म्हणाली. "केव्हापासून उभे आहेत इथे. यांचं नाव न्यायला येणाऱ्यांच्या यादीत नाही, मी मुलगी यांच्याबरोबर सोडू शकत नाही."

"सही केलीय मी!" बाबा तिच्यावर गरजले. "तीन वाजता मुलगी माझ्या ताब्यात!" मग मला बघून म्हणाले, "सांग हिला, ओदेत. तुझ्यासमोर केलीय."

हेच तेवढं त्यांच्या लक्षात राहिलं होतं. मी खोटं म्हणून घोटवून घेतलेलं वाक्य.

"बाबा, आलात कसे?"

"पुलावरून. चालत."

मी त्यांचा दंड धरला. "आणि जेवलात का?"

"ती आल्यावर," ते म्हणाले. जणू यात विचारण्यासारखं काही नव्हतंच.

देलिया तोवर फाटकाबाहेर आली होती. तिने पाठीवरचं दप्तर उतरवलं आणि कागदात गुंडाळलेला गोड पावाचा अर्धा तुकडा काढून त्यांच्या हातात दिला. सकाळी मी डब्यात दिलेला.

"डबा संपवला नाहीस?" मी विचारलं.

ती खाली बघत म्हणाली, "ओरडू नकोस, आई. मीही पुलावरूनच जाणार होते."