बहात्तरचे दोन कंडेन्सर

आमचे सर अकरा वर्षं जुळे सोलापुरातल्या आमच्या पुढच्या खोलीत बारावीच्या मुलांना फिजिक्स शिकवतात. सर म्हणजे माझे यजमान, इंद्रजीत. मागच्या खोलीत मी कडक भाकऱ्या करून विकते. मधली भिंत इतकी पातळ आहे, की माझीही बारावी अकरा वेळा झाली.

त्या रविवारी घरघंटी बंद पडली. बटण दाबलं की नुसती घूं घूं. झाकण काढलं तर मोटारीचा कंडेन्सर टम्म फुगलेला. त्यावर छत्तीस लिहिलेलं. दुकानं बंद, कोपऱ्यावरचा गिरणीवाला गावाला गेलेला, आणि सुंदरम्मांच्या लेकीच्या साखरपुड्याच्या दोनशे भाकऱ्या दुसऱ्या दिवशी पोचवायच्या होत्या. माझी पहिली मोठी ऑर्डर. ती चुकली असती तर सुंदरम्मा पुन्हा आल्या नसत्या, आणि सर म्हणाले असते, "तरी मी सांगत होतो." दुसरं मला जास्त लागलं असतं.

माहेरच्या विहिरीवरच्या मोटारीचे दोन कंडेन्सर माझ्याकडे पडून होते. दोन्ही बहात्तरचे. एकेकटा लावला तर मोटार जळायची. दोन सारखे एकामागोमाग जोडले की ताकद वाढत नाही, निम्मी होते, एवढं मला तव्यापाशी बसून पाठ झालंय. तरी विचारलेलं बरं, म्हणून ते घेऊन मी शिकवणीत गेले.

"सर, ह्ये एकामागं एक जोडले तर चालतील का?"

पोरं बघायला लागली. सरांनी फळ्यावर मांडलं. एक छेद बहात्तर, अधिक एक छेद बहात्तर. बेरीज एक छेद छत्तीस. भागाकार करून म्हणाले, "शून्य पॉइंट शून्य दोन आठ. यानं माशीसुद्धा हलायची नाही. राहू दे त्या भाकऱ्या."

मला संताप आला. "आन् उलटं कोण करनार? रोज वरडता की पोरांवर, शेवटी उलटं करा म्हणून!"

काव्यानं वहीत तोंड घातलं. ह्याच चुकीसाठी सरांनी तिला परवा वर्गाबाहेर उभं केलं होतं. सरांनी कान खाजवला आणि उलटं केलं. छत्तीस.

मी प्लग काढला, दोन्ही कंडेन्सर एका तारेनं जोडून जुन्याच्या जागी लावले, चिकटपट्टी गुंडाळली. सर आणि आठ मुलं दारात उभी. "लांब राहा," असं सर मुलांना म्हणाले आणि स्वतःच मागं सरकले. मी प्लग लावून बटण दाबलं. घरघंटी फिरली. पीठ पडायला लागलं.

काव्या म्हणाली, "सर, म्हणजे खरंच निम्मं होतंय की!"

"होतं की," सर म्हणाले. मग सगळ्यांदेखत म्हणाले, "मी कधी जोडून बघितलं नव्हतं. मलाही आजच कळलं."

सुनावायला माझ्याकडे अकरा वर्षांचं साठलेलं होतं. पण त्या माणसाची इतकी माया आली, की मी तोंड फिरवून ज्वारी चाळत बसले.