पिवळ्या बिल्ल्याची वासरं

पिवळ्या बिल्ल्याच्या वासरांखालचे सहाही ट्रे जवळजवळ रिकामे होते. मी तीनदा पाहिलं, मग सरांना ओरडून हाक मारली.

आमची लस गोचिडींवरची. लस टोचलेल्या वासरांच्या कानात पिवळे बिल्ले, न टोचलेल्यांच्या कानात निळे. सगळ्यांच्या अंगावर सारख्याच गोचिडी सोडायच्या. रक्त पिऊन टम्म फुगल्या की त्या खालच्या ट्रेमध्ये गळतात. लस लागू पडली तर थोड्याच गळतात आणि त्यांना अंडीही धड घालता येत नाहीत. निळ्यांचे ट्रे भरून वाहत होते. पिवळ्यांकडे शुकशुकाट! सहा वर्षं लोकांनी मला वेड्यात काढलं होतं. मला आनंदाने रडूच आलं.

सर मिठाई आणायला स्वतः धावले. तेवढ्यात बाबा माझा डबा घेऊन आले. आई गेल्यापासून ते माझ्याकडेच असतात. डबा द्यायला येतात आणि गोठ्यात रेंगाळतात. जन्मभर गुरं पाळलेला माणूस, त्यांना कोण अडवणार?

"बाबा, जिंकलो! पिवळ्यांवर गोचीडच नाही!"

"असणार कशी?" बाबा मिशीत हसले. "मी आहे ना!"

मला वाटलं, थट्टा करताहेत. त्यांनी पिशवीतून लोणच्याची जुनी बरणी काढली. झाकणाला भोकं पाडलेली.

"जेवताना तूच म्हणालीस, पिवळ्या बिल्ल्याची वासरं माझी, त्यांच्यावर माझं सगळं अवलंबून आहे. मग रोज वेचून काढल्या. निळ्यांना हात लावला नाही हं, ती दुसऱ्या कुणाची असतील. परक्याच्या गुरात कशाला लुडबुड?"

माझ्या पायाखालची जमीन सरकली.

"मारल्या नाहीत," ते घाईने म्हणाले. "म्हटलं, तुला लागतील."

मी बरणी उजेडात धरली. एरंडाच्या बियांसारख्या गरगरीत गोचिडी आणि त्यांच्याभोवती तपकिरी अंड्यांचे ढीग. सगळ्या गोचिडी लस टोचलेल्या वासरांचं रक्त प्यायलेल्या. एकीलाही काही झालेलं नव्हतं.

बाबांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि मटकन खाली बसले. "माझ्यामुळे बिघडलं का गं? तुझ्या साहेबांना सांग, म्हातारा खुळा आहे म्हणावं. परत कर सगळं पहिल्यापासून."

मला त्यांचा भयंकर राग आला होता. घसा फाडून ओरडावंसं वाटत होतं. गोचिडी वेचल्या ते बाबांनी, कबूल. पण अंडी घालायला काही त्यांना बाबांनी शिकवलं नव्हतं.

"बाबा, उठा," मी म्हटलं. "बिघडलेलं आधीच होतं."

दारात सर उभे होते. हातात मिठाईचा खोका, मागे सगळं ऑफिस.

"काय आणलंय बाबांनी आज?" सरांनी हसत हात पुढे केला.

मी बरणी त्यांच्या हातात दिली.