काळाच राहिलेला इंजेक्टर

उस्तादांना सगळे उस्तादच म्हणायचे आणि त्यांनीही त्याला कधी हरकत घेतली नव्हती. उभा जन्म स्टिअरिंगमागे गेला. इंजिनाचा नुसता आवाज ऐकून दुखणं सांगतो, ही त्यांची फुशारकी, आणि ती बऱ्याचदा खरीही निघायची. पण घरची व्हॅन काळा धूर ओकत दारातच बसली, तेव्हा त्यांचं निदान एका शब्दाचं होतं. भंगार.

लेक मात्र हटून बसली. हॉस्पिटलच्या नर्सना ड्यूटीवर नेण्या-आणण्याचं काम तिला मिळालं होतं, तिचं पहिलं स्वतःचं काम, आणि ते उद्या सकाळी सुरू व्हायचं होतं. व्हॅन अशीच बंद राहिली तर ते दुसऱ्याच्या पदरात पडणार होतं. तिने इंजिनात डिझेल फवारणारे चारही इंजेक्टर काढले आणि ते देऊन त्यांच्या बदल्यात रीमॅन्युफॅक्चर केलेले, म्हणजे जुनेच उघडून नव्यासारखे केलेले, घ्यायचं ठरवलं.

"म्हणजे दुसऱ्याची कवळी आपल्या तोंडात," उस्ताद म्हणाले.

"या मॉडेलचे नवे मिळतच नाहीत, बाबा. आज नाही जमलं तर भंगारवाल्याला खुशाल फोन करा. मी मध्ये पडणार नाही."

तोंडाने नावं ठेवली तरी उस्तादांचे हात स्वस्थ बसेनात. मळकी वस्तू घेऊन कुणाच्या दारात जायचं नाही, हा त्यांचा बाणा. तारेचा ब्रश आणि एक बारीक तार घेऊन ते पायरीवर बसले आणि जुने इंजेक्टर एकेक करून चकाचक केले. डिझेल आत शिरतं तिथे तार घालून आतूनसुद्धा कोरले. चौथा हातात घेतला तेवढ्यात लेकीने "चला, उशीर होतोय" म्हणत तो काढून घेतला. एक काळाच राहिला, चारचौघांत लाज काढलीस, असं उस्तादांचं वाटभर चाललं होतं.

इंजेक्टर दुरुस्तीच्या वर्कशॉपमध्ये पाऊल टाकलं आणि उस्तादांनी न सांगता चपला काढल्या. असलं गॅरेज त्यांनी बघितलं नव्हतं. कुठे तेलाचा डाग नाही, हातोडा नाही, आरडाओरडा नाही. टेस्ट बेंचपाशी, म्हणजे इंजेक्टर तपासायच्या यंत्रापाशी, एक बाई बसल्या होत्या. त्यांनी चकचकीत इंजेक्टर पाहिले आणि कपाळाला हात लावला.

"हे कुणी घासले?"

"मी," उस्ताद ऐटीत म्हणाले.

"काका, दारावर एवढी मोठी पाटी आहे. 'जसे काढले तसे आणा.' तुमच्या मॉडेलचे तीनच तयार आहेत माझ्याकडे. चौथा तुमच्याच एखाद्यातून करावा लागणार."

त्यांनी पहिला इंजेक्टर उघडला आणि उस्तादांना भिंगातून बघायला लावलं. आत एक कड होती, आरशासारखी, आणि तिच्यावरून आडवा चरा गेला होता. "हे दोन भाग एकमेकांवर असे बसतात की मधून केससुद्धा जात नाही. तुमच्या तारेने इथे नांगर चालवलाय." दुसरा उघडला, तेच. तिसरा उघडला, तेच. लेकीने घड्याळाकडे पाहिलं. ती चिडून बोलली असती तर बरं झालं असतं, असं उस्तादांना वाटलं.

मग बाईंनी काळा उचलला. उघडला, धुतला, भिंगाखाली धरला आणि बराच वेळ मान वर केली नाही.

"हा वाचलाय," त्या म्हणाल्या.

त्यात नवं नोझल बसलं, नवा व्हॉल्व्ह बसला. दुपार त्यातच गेली. शेवटी इंजेक्टर बेंचवर चढवून बाईंनी त्याचं तोंड काचेच्या भांड्यात सोडलं. "हात लांब, काका. ही धार बोटात घुसली तर बोट जाईल." आणि बटण दाबलं.

उस्तादांना वाटलं होतं, पिचकारी उडेल. उडालं ते धुकं. टोकापासून चहूबाजूंनी पसरलेलं, सगळीकडे सारखं, पांढरं, आणि बघता बघता विरणारं. पुन्हा. पुन्हा. बाईंनी वेग वाढवला तसं ते धुकं काचेत जागच्या जागी थरथरत राहिलं.

"मोठ्या फवाऱ्याच्या आधी एक इवलासा सोडतो हा," बाई म्हणाल्या. "म्हणजे इंजिनाला धक्का बसत नाही. डोळ्यांना दिसायचं नाही ते, इतकं झटपट होतं."

उस्ताद गुडघ्यांवर हात ठेवून वाकले. घाटात, उन्हात, शिव्या देताना, शीळ घालताना, प्रवाशांशी गप्पा मारताना, प्रत्येक क्षणी पायाखाली हे चाललं होतं. एवढं नाजूक, एवढं न चुकता. आणि आपण समजत होतो, गाडी आपण चालवतो! त्यांचे डोळे भरून आले आणि ते त्यांनी लपवलेही नाहीत.

"पास," बाई म्हणाल्या आणि बटणाकडे हात नेला.

"थांबा ना. अजून जरा."

बाईंनी हसून चालू ठेवलं. मग तयार तीन आणि हा चौथा, अशा चारही इंजेक्टरवर कोरलेले आकडे लेकीला दाखवले. "कितीही नीट केले तरी प्रत्येकाचा स्वभाव थोडा वेगळा असतो. हे आकडे म्हणजे तो स्वभाव. कुठल्या जागी कोण बसलाय ते गाडीच्या कॉम्प्युटरला कळवायचं, मग ती ज्याला त्याला सांभाळून घेते."

घरी लेकीने इंजेक्टर बसवले आणि आकडे भरले. उस्ताद नुसते बॅटरीचा उजेड धरून उभे होते, आणि काही शिकवत नव्हते. तिने चावी फिरवली. व्हॅन एकदा खाकरली, डिझेलच्या नळ्यांत अडकलेली हवा बाहेर पडली आणि इंजिन सुरू झालं. धूर नाही, खडखड नाही.

लेकीने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "सांगा उस्ताद, आवाज कसा वाटतोय?"

उस्तादांनी सवयीने कान दिला. सांगण्यासारखं बरंच होतं. त्यांनी बॅटरी विझवली.

"मला काय विचारतेस?" ते म्हणाले. "गाडी तुझी आहे."